सात नंबर हलतोय

आमच्या घराची एक भिंत आमची नव्हती, कारखान्याची होती. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत आमच्या दोन खोल्या रियाजशेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला पाठ लावून उभ्या होत्या. त्या भिंतीवर टांगलेलं सगळं, आरसा, कॅलेंडर, आईचे झारे आणि पळ्या, दिवसभर बारीक थरथरत असे. पाण्याचा पेला भिंतीशी ठेवला की पाण्यात वर्तुळं उठायची. पलीकडे चोवीस लूम चालत, आणि त्यांचा खटखटाट आमच्या जेवणात, अभ्यासात, भांडणात इतका मुरला होता की तो आवाज आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. फक्त शुक्रवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी सकाळी जाग यायची ती शांततेनं, आणि एवढ्या शांततेतही आम्ही तिघं एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, कारण दुसरं जमत नव्हतं.

मी इंग्रजी शाळेत जात होते. शाळेत बाई सांगत, हळू बोला. घरी हळू बोललं तर कुणाला ऐकू जात नसे. मी यातून माझ्यापुरती वाट काढली, बोलणंच कमी केलं. कॉलेजात गेले तेव्हा मुली मला शिष्ट समजत आणि गल्लीतल्या बायका मुकी समजत. दोन्ही चालण्यासारखं होतं. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक मोकळेपणी वागतात, आणि मला बघायला आवडायचं. आज मराठीत हे लिहिताना मध्येच एखादा शब्द अडतो, मग मी थांबून आई तो कसा म्हणाली असती ते आठवते, आणि तो सापडतो.

बाबा त्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे लूम चालवणारे नव्हेत, चालते ठेवणारे. कुठला पट्टा ढिला झाला, कुठला धोटा वाकडा धावतोय, कुठला नट झिजला हे शोधून दुरुस्त करायचं त्यांचं काम. आणि बाबांची ख्याती होती ती त्यांच्या कानाची. घरी जेवायला बसलेले असत. आईनं ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलेलं असे. पहिला घास तोंडाशी नेता नेता हात थांबायचा, मान जराशी भिंतीकडे वळायची आणि ते म्हणायचे, "अठरा." बस, एवढंच. घास खाऊन, हात न धुता पान्हा घेऊन निघायचे, आणि अठरा नंबरच्या लूममध्ये खरंच काहीतरी बिघडलेलं असायचं. चोवीस लूमच्या गदारोळातून एकाचा खोकला ओळखणारा माणूस म्हणून कारागीर त्यांना उस्ताद म्हणत. आई मात्र म्हणायची, "चोवीस मशीनींचं आयकतो, घरातल्या एका बाईचं न्हाय."

कॅमेरा आला तो मामाकडून. आई वळ गावची. तिच्या माहेरची भातशेती जाऊन तिथे गोदाम उभं राहिलं होतं, आणि मामा पुढे पूर्ण्याच्या एका मोठ्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामाला लागला. लोकांनी परत पाठवलेला, तुटका-फुटका माल तिथे मधूनमधून ढिगानं विकला जाई. त्यातून मामानं एक मिक्सर, एक बूट (एकच) आणि एक कॅमेरा आणला. मिक्सर आईला, बूट कुणालाच नाही आणि कॅमेरा मला. तो माझ्या हातात देताना मामा म्हणाला, "बिघडलेला हाय, पर पुरता न्हाय."

बिघाड असा होता की वरची गोल चकती एस या अक्षरावर अडकून बसली होती. बाकी कशावर ती फिरेना. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी तीनदा वाचली. एस म्हणजे पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ते आपण ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघून घेतो. लोकांना हवे तसे साधे, आपोआप निघणारे फोटो त्यात निघत नव्हते, म्हणूनच कुणीतरी तो परत केला असणार. माझ्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून मी पडद्याच्या वेळेशी खेळू लागले. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला की आमच्या अंधाऱ्या खोलीत नुसता काळा चौकोन यायचा. सावकाश ठेवला की उजेड यायचा, पण त्याबरोबर सगळी हालचालही यायची. फोटोत पंखा राखाडी ताट होऊन बसला. आई तपेलीत दूध ओतत होती, त्या धारेची रेशमाची पट्टी झाली. एकदा मी खिडकीत कॅमेरा टेकवून वेळ तीस सेकंदांवर नेला, आणि तेवढ्यात आईनं सबंध खोली झाडून काढली. फोटोत स्वच्छ खोली होती आणि आई नव्हती. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, बरोबर हाय, एवढी वर्षं झाडतेय, कुणाला दिसलेय का. मग खूप हसली. ती हसली की मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटायचं.

घरातलं हलणारं सगळं संपल्यावर माझं लक्ष भिंतीपलीकडे गेलं. दुपारचा डबा द्यायला मी कारखान्यात जातच होते. आत शिरलं की बोलणं संपायचं. तिथे सगळे हातांनी आणि ओठांनी बोलत. चहा म्हणजे अंगठा तोंडाकडे, शेठ आला म्हणजे छातीवर दोन बोटं, धागा तुटला म्हणजे चिमूट सोडायची. मला ती भाषा लहानपणापासून येत होती, आणि खरं सांगायचं तर तीच एक भाषा होती जी बोलताना मला कधी संकोच वाटला नाही. बाबांनी शेठला विचारलं, शेठनी हसून मान हलवली, आणि मी डब्याबरोबर कॅमेराही नेऊ लागले.

पहिली अडचण आली ती कारागिरांच्या सभ्यपणाची. मी कॅमेरा वर केला की समोरचा माणूस लूम बंद करी, खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसून ताठ उभा राही. यात सगळ्यांत पुढे इस्लामभाई. पाच ते आठ या चार लूमवर ते असत. उत्तर प्रदेशातून येऊन त्यांना इथे पंचवीस वर्षं झाली होती. लूम चालू ठेवा, मला तो चालतानाच हवाय, असं मी खुणांनी सांगायचे, आणि ते तितक्याच ठामपणे नाही म्हणायचे. एकदा दाराबाहेर येऊन त्यांनी मला समजावलं, पाहुण्यासमोर कुणी काम करत राहतं का, फोटो म्हणजे पाहुणाच. शेवटी बाबांनी त्यांना सांगितलं की पोरीला मशीनचा फोटो हवाय, तुझा नाही. त्यावर ते थोडे हिरमुसले, पण लूम चालू राहिला.

दुसरी अडचण जमिनीची होती. एक सेकंद पडदा उघडा ठेवायचा तर कॅमेरा जागचा हलता कामा नये. मी स्टूल आणलं, त्यावर पाट, पाटावर कॅमेरा. प्रत्येक फोटो हललेला. चोवीस लूम ज्या फरशीवर नाचतात ती फरशीच हलत होती. चारपाच दिवस मी तसेच फोटो घेऊन घरी गेले आणि मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकतंय. इस्लामभाई हे सगळं बघत होते. एके दिवशी त्यांनी कोपऱ्यातलं वेस्टचं पोतं ओढत आणलं, म्हणजे तुटक्या सुताच्या गुंतवळ्यानं भरलेलं पोतं, ते स्टुलावर ठेवलं, मधे मुठीनं खळगा केला आणि माझ्या हातातून कॅमेरा घेऊन लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसा त्यात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा चित्र उमटलं. लूमचा सांगाडा जागच्या जागी, काळा आणि ठाम. त्याच्या मधोमध धोट्याची ये-जा, एक धुरकट पांढरी पट्टी. धोटा कुठेच नाही आणि सगळीकडे आहे. मी ते कॅमेऱ्यावर पाहिलं आणि मला बोलावंसं वाटलं. आजही कुणी विचारलं की फोटो काढायला केव्हा शिकलात, तर मला ते पोतं आठवतं, पण मी काहीतरी दुसरंच सांगते.

त्याच सुमारास सात नंबरच्या कापडात पट्टे येऊ लागले. कापड बोटभर घट्ट, मग बोटभर विरळ, पुन्हा घट्ट. कापडाचे असे ताके व्यापारी परत पाठवतो. बाबांनी सात नंबर तपासला, काही सापडलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तपासला. इस्लामभाई सांगत होते की मशीन नाचतेय. बाबा म्हणाले, नाचत असती तर मला ऐकू आलं असतं, आवाज साफ आहे. आणि उस्तादांचा कान म्हणतो साफ, म्हणजे साफ. मग दोष उरला कारागिराचा. बाबांनी शेठला सांगितलं की इस्लामचं लक्ष नसतं, धागा तुटल्यावरही लूम चालू ठेवतो. शेठनी इस्लामभाईंना जुम्यापर्यंत वेळ दिला. शुक्रवारनंतरही पट्टे दिसले तर चारही लूम दुसऱ्याला. भिवंडीत वयाच्या पन्नाशीला लूम सुटले की ते पुन्हा सहज मिळत नाहीत. माणूस गावी जातो.

हे सगळं मला आईकडून कळलं, आणि मी जेवता जेवता ताट पुढे सारलं. कारण मला ऐकू येत होतं. पंधरा दिवस झाले होते. अभ्यासाला बसले की भिंतीतून येणाऱ्या त्या एकसारख्या खटखटाटात कुठेतरी एक पाय लंगडायचा. खट-खट, खट-खट, ख-टक. मी दर वेळी बाबांच्या हाताकडे बघायचे, आता तो थांबेल, आता ते आकडा सांगतील. हात थांबत नव्हता. ते शांतपणे भाकरी मोडत राहायचे. मग बाकीच्या गोष्टीही माझ्या लक्षात येऊ लागल्या. आई आताशा त्यांना हाक मारत नव्हती, कोपराला हात लावून वाढत होती. शुक्रवारी दारावर कुणी आलं तर बाबा माझ्या तोंडाकडे बघून मग दाराकडे बघायचे. सगळ्या गल्लीत ज्यांच्या कानाचं नाव, त्या माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि घरात आम्ही दोघी ते न बोलता सांभाळत होतो. मी बोलले असते तर बाबांचं काय उरलं असतं? आणि नाही बोलले तर इस्लामभाईंचं? मला न बोलण्याचा अभिमान होता. त्या आठवड्यात तो गेला.

बुधवारी दुपारी मी डबा दिला आणि पोतं ओढून सात नंबरसमोर मांडलं. सहा, सात, आठ, तिन्ही लूम एका चौकटीत येतील असं. बटण दाबताना माझाही धक्का लागू नये म्हणून पडदा दहा सेकंदांनी आपोआप उघडेल असं लावलं, आणि हात मागे बांधून उभी राहिले. एक सेकंद. मग आणखी एक. असे सहा फोटो घेतले. सहाचा सांगाडा रेघ मारल्यासारखा स्वच्छ होता. आठचाही. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता येत होते. आणि मधल्या सात नंबरच्या डाव्या पायाला दुहेरी कड होती. एका लूममधून दुसरा लूम डोकावत असल्यासारखी. सहाही फोटोंत तीच, तिथेच.

संध्याकाळी बाबा चहाला घरी आले तेव्हा मी काही न बोलता कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं आणि म्हणाले, हललाय तुझा कॅमेरा. मी बोटानं कॅलेंडर दाखवलं. मग सहा. मग आठ. मग सातचा डावा पाय. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. चहावर साय आली. ते उठून गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग कारखान्यात गेले.

त्यांनी सात नंबरजवळ जाऊन लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक लूमच्या पायाला लावलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. हाडातून कानाला जे पोचेल ते ते ऐकत होते. असं ते किती दिवसांपासून करत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी इस्लामभाईंना लूम बंद करायला सांगितलं, फरशीवर आडवे झाले आणि तेलात माखलेला सुताचा कचरा बोटांनी खरवडून काढू लागले. खाली जिथे लूमचा पाय बोल्टनं जमिनीत धरलेला असतो, तिथलं सिमेंट भुगा झालं होतं. बोल्ट नुसता उभा होता. वरून पान्हा लावला तर घट्ट लागत होता, कारण नट घट्टच होता. जमीनच ढिली होती. बाबांनी हाताच्या पंजानं तो भुगा गोळा केला.

घरी आल्यावर त्यांनी मोरीत हात धुतले. माझ्याकडे पाठ होती. मग वळले, माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "तुला ऐकू येत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

त्यांनी पंच्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं. "मला वर्ष झालं," ते म्हणाले.

आई ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुणीच रडलं नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. थोड्या वेळानं तिनं बाबांच्या कोपराला हात लावला आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेठला सगळं सांगितलं. दोन्ही गोष्टी, बोल्टची आणि कानाची. मी गेले नव्हते, पण शेठ काय म्हणाले ते बाबांनी आम्हाला सांगितलं. शेठ आधी रागावले, ताके परत आले त्याबद्दल. मग म्हणाले की उस्ताद, तुम्ही बोल्ट शोधलात तो कानानं नाही, डोळ्यांनी, आणि डोळे शाबूत आहेत. शुक्रवारी कारखाना बंद असताना नवं सिमेंट घालून बोल्ट बसवायचं ठरलं, आणि पुढे दर महिन्याला चोवीसही लूमचे फोटो काढायचे, ते मी काढायचे, असंही. ते काम मी नंतर चार वर्षं केलं. आता मी पूर्ण्याच्या गोदामात ऑनलाइन विकायच्या कुकरचे आणि चादरींचे फोटो काढते. तिथे काहीच हलत नाही, पगार वेळेवर येतो आणि मी मजेत आहे. पण त्या चार वर्षांत लोखंडाची कड बघायला शिकले, ती नजर चादरींवर वाया जाते असं कधीकधी वाटतं.

राहिले इस्लामभाई. शुक्रवारी बोल्ट बसवायला ते स्वतः आले, सुट्टी असूनही. कारखाना बंद, त्यामुळे त्या एवढ्या मोठ्या जागेत पहिल्यांदाच आम्हा तिघांना एकमेकांचे आवाज नीट ऐकू येत होते. म्हणजे दोघांना. काम झाल्यावर मी घरून चहा आणला. बाबा त्यांच्यासमोर बसले आणि सरळ म्हणाले की तुझ्यावर खोटं ढकललं, मला ऐकू येत नाही, वर्षभर येत नाही. इस्लामभाईंनी कपात फुंकर मारली. मग बाबांना दिसेल असं तोंड समोर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मालूम है, उस्ताद. सबको मालूम है."

बाबांना वाटलं आपण ओठ वाचायला चुकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बरोबर आहे, तेच म्हणाले.

मग बाबांनी विचारलं की माहीत होतं तर शेठला का नाही सांगितलंस, तुझे लूम वाचले असते. इस्लामभाई म्हणाले, "मेरी चार मशीनें बच जातीं. फिर बाकी बीस वाले किसके पास जाते?" आणि त्यावर त्यांनी आणखी एक सांगितलं, की वर्षभर सगळे कारागीर बिघाड झाला की आपण होऊन बाबांच्या खांद्याला हात लावून नजरेनं लूम दाखवत होते, आणि बाबांना वाटत होतं की आपलं गुपित कुणाला कळलेलं नाही. सात नंबरचं मात्र त्यांनाही कळत नव्हतं की नक्की कुठे, म्हणून ते दाखवता आलं नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, याचा फोटो काढ, चांगला, याला कधीचा हवाय. इस्लामभाई लगेच उठले, तोंड पुसलं, सात नंबरला टेकून ताठ उभे राहिले. खिडकीतून थोडाच उजेड येत होता, त्यामुळे एक सेकंद लागणार होता. मी त्यांना सांगितलं, हलू नका. ते पुतळ्यासारखे राहिले. मी पाच फोटो काढले. चारांत ते अगदी स्थिर आले, मिशीचा केस न् केस दिसावा असे. पाचव्या वेळी मध्येच त्यांना बाबांना काहीतरी सांगायचं सुचलं, बहुधा सिमेंट सुकायला किती वेळ लागेल ते, आणि पडदा उघडा असतानाच ते बोलले. खांदे, हात, लूम सगळं जागेवर, आणि तोंडाच्या जागी एक हललेली सावली.

त्या संध्याकाळी मी पाचही फोटो बाबांना दाखवले आणि म्हटलं, यातला एक मोठा छापून त्यांना देऊ, एक आपल्याकडे ठेवू. इस्लामभाईंसाठी त्यांनी स्थिर फोटोंमधला एक निवडला. घरासाठी त्यांनी पाचव्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, तो हललाय. त्यांना वाटलं मला समजलं नाही. चष्मा काढून त्यांनी मला समजावलं, सावकाश, कारखान्यात इस्लामभाई त्यांच्याशी बोलले होते तसं.

"बाकीच्यांत तो नुसता उभा आहे," बाबा म्हणाले. "यात बोलतोय."